दोराचं दुसरं टोक

नवसूदादा मशीन सुरू करायच्या आधी कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात द्यायचा. मशीन म्हणजे झाडं कापायचं, पेट्रोलवर चालणारं. बिलावर त्याचं नाव 'चेन सॉ' होतं; पण आमच्या वळ गावापासून वज्रेश्वरीच्या रस्त्यापर्यंत जिथं जिथं आम्ही ते नेलं, तिथं सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचे. दोर निळ्या नायलॉनचा होता, ट्रकवर ताडपत्री बांधायला वापरतात तसला. तो कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारायचा, गाठ ओढून बघायचा आणि मगच चोक ओढून मशीनला हात घालायचा.

एक झटका म्हणजे 'आहेस का?' त्याचं उत्तरही एकच झटका, 'आहे'. दोन झटके म्हणजे थांब. तीन म्हणजे मशीन टाक आणि पळ. कारण असं की कापणाऱ्याचं लक्ष बुंध्यावर असतं आणि झाड आधी शेंड्याला हलतं. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून दूर उभं राहून शेंड्याकडे बघणारा एक माणूस लागतो. चार वर्षं तो माणूस मी होतो. दर पाच-सात मिनिटांनी नवसूदादा कंबर किंचित हिसकायचा. मी दोर ओढायचो. तो मागे न बघता पुढचा काप घ्यायचा.

'नवसूदादा' हे मी आता लिहितोय. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तो पन्नाशीचा, आणि मी त्याला 'नवशा' म्हणायचो. बाबा म्हणायचे, घरातले सगळे म्हणायचे, म्हणून मीही. तो दिघाशीकडच्या पाड्यावरचा आदिवासी, आम्ही रस्त्याला लागून जमिनी असलेले आगरी. तो मला 'धाकले शेठ' म्हणायचा आणि त्याच वाक्यात 'तू' म्हणायचा. त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. 'धाकले शेठ, तू तिथून हाल, तुजी सावली पडते कामावर.'

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या पट्ट्यात भातखाचरांवर मुरूम पडू लागला होता आणि गोदामं उभी राहत होती. ज्या जागेवर गोदाम येणार तिथली झाडं परवानगीचा कागद आला की भराभर तोडून द्यावी लागत. बाबांनी ती कामं घ्यायला सुरुवात केली आणि मुंबईहून मशीन आणलं. खोक्यात मशीनबरोबर एक जाड पुस्तक निघालं, गोल कानस निघाली, आणि कानांवर लावायचे दोन मोठे काळे डबे एका पट्टीला जोडलेले निघाले. ते कशासाठी, हे चित्रात स्पष्ट दाखवलं होतं. बाबा म्हणाले, 'ह्ये विमानवाल्यांचं दिसतं.' सगळे हसले. डबे माळ्यावर गेले. त्या वर्षी गणपतीत मी ते कानांवर घालून नाचलो आणि आळीभर पोरं हसली. नवसूदादाही आला होता आरतीला. तोही हसला होता.

मशीन चालवायला तो आठ दिवसांत शिकला. त्याआधी त्याची उमर कुऱ्हाडीवर गेली होती. मला मात्र त्यानंच शिकवलं. मी सुरुवातीला मशीन एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्या हातानं ते सुरू करायची दोरी खेचायचो, ऐटीत. त्यानं माझ्या हातावर चापट मारली. 'हवेत नको. भुईवर ठेव, मागच्या कड्यात पाय घाल, मग खेच. ह्ये काय पतंग हाय?' चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक झाडाला लागू द्यायचं नाही, कारण टोकाचा वरचा भाग लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. याला तो 'नाक' म्हणायचा. 'नाकानं कुनाला शिवायचं न्हाय. नाक लावलं की ती उलटून चावते.' मशीन त्याच्या बोलण्यात कधी 'ते' असायचं, कधी 'ती'. चिडलं की 'ती'.

पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम तो मला कधीच एकट्याला करू देत नसे. एका बाटलीला त्यानं बायकांच्या नखांना लावायच्या रंगाची खूण केली होती. तिथपर्यंत तेल, मग डबा हलवायचा, मोजून वीस वेळा. 'तेल कमी पडला तर मशीन सांगत न्हाय, धाकले शेठ. गपचूप मरतं.' काप चालू असताना तो भुसा मुठीत धरून बघायचा. खोबऱ्याच्या किसासारखा निघाला तर चेनच्या दातांना धार आहे. पिठासारखा निघाला की लगेच मशीन बंद, ओंडक्यावर बैठक, आणि एकेका दाताला कानशीचे तीन हात, पुढे जाताना दाबून, मागे येताना उचलून. संध्याकाळी फिल्टर धुऊन वाळत घालायचा, पट्टी उलटी करून बसवायची म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी झिजेल, आणि शेवटी चेन ढिली करायची. हे शेवटचं मी हमखास विसरायचो. 'तापलेली चेन तशीच ठेवलीस तर थंड झाली की आखडते. सकाळला बघशील तर पट्टी धरून बसलेली. काम झालं की ढिलं सोडावं, माणसालाबी.'

एकदा एका गोदामाच्या पार्टीचा इंजिनियर आला. पांढरी गाडी चिंचेखाली लावून घड्याळ बघत म्हणाला, 'और कितना टाइम? एक पेड़ को आधा दिन लगता है क्या?' नवसूदादा खाच घेऊन पाचरी ठोकत होता. त्यानं चिंचेकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. 'साब, अभी गिराता. गाड़ी के ऊपर गिराऊँ या बाजू में? तुम बोलेगा वैसा.' इंजिनियर गाडी घेऊन जो गेला तो चहाच्या वेळेपर्यंत परत आला नाही. नवसूदादा गालातल्या गालात हसत माझ्याकडे बघून म्हणाला, 'पळायची वाट पैले साफ करावी. त्यानं केलेलीच होती.'

तिसऱ्या वर्षातली गोष्ट. दिघाशीच्या फाट्याजवळ काम संपलं होतं, मशीन बंद होतं. तो माझ्याकडे पाठ करून ओंडक्यावर बसला होता आणि कानस चालवत होता. लाकूड न्यायला आलेला ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरला आरशात तो दिसत नसावा. मी ओरडलो, 'नवशा!' मग अजून जोरात. क्लीनरनं ट्रकच्या पत्र्यावर हात आपटले. नवसूदादा दात मोजत होता. मी धावत जाऊन त्याला शर्टाला धरून खेचलं. दोघेही भुशात पडलो आणि ट्रक त्या ओंडक्याला लागून थांबला.

उठून त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. रागावला नाही, घाबरलाही नाही. 'कळलं काय तुला?' एवढंच विचारलं.

मग बसून, माझ्या ओठांकडे बघत, त्यानं सांगितलं. डावा कान दुसऱ्या वर्षीच गेला. उजव्यात थोडं शिल्लक होतं, 'लांबच्या लग्नातला ढोल ऐकावं तसं.' मला एकदम आठवलं, की पहिल्या वर्षी मशीन कुरकुरलं की तो म्हणायचा, 'ऐक, ऐक, प्लग काळा झालाय.' आणि आता कित्येक महिने तो म्हणत होता, 'हात ठेव, हातात मुंग्या येगळ्या लागतात बघ.' आणि दोर! दोर दुसऱ्याच वर्षी आला होता. तो म्हणाला होता की मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि मला ते पटलं होतं. ते खरंही होतं. पण दोर आवाजासाठी नव्हता.

'शेठला सांगू नको,' तो म्हणाला. 'बहिऱ्याच्या हातात मशीन कोन देल?'

मी म्हणालो, नाही सांगणार. गळ्याला हात लावला. आईची शपथ म्हणालो.

'आईची नको. ती बिचारी का मधी? मशीनवर हात ठेव.'

मी हात ठेवला तो नेमका सायलेन्सरजवळ, आणि चटका बसून किंचाळलो. तो पोट धरून हसला. 'आता ध्यानात राह्यल,' म्हणाला. बोटावर फोड आली होती. आठवडाभरात बरी झाली. आज तिथं काहीही दिसत नाही.

त्यानंतरचं एक वर्ष मी त्याच्या सगळ्यात जवळ होतो. हे मी अभिमानानं लिहीत नाही. पण तसं होतं खरं. त्याची बायको आधीच गेली होती, मुलगी पार्वती वज्रेश्वरीजवळ सासरी. पाड्यावरची माणसं वाईट नव्हती, पण त्याच्याशी कोणी बोलेनासं झालं होतं. ऐकू येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं नवसू शेठलोकांत राहून मिजासखोर झाला, हाक मारली तरी बघत नाही. त्यानं त्यांना तसंच समजू दिलं. पाड्यावर कळलं असतं तर आमच्या ओट्यावर पोचायला दोन दिवस लागले नसते. दुपारी भाकरी खाताना एकदा मी त्याला सहज विचारलं, मोठ्यानं, ओठ नीट हलवून, की घरी गेल्यावर करतोस काय. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. 'बसतो. मानसं ओरडून बोलतात ना, ती रागाचंच बोलतात. मायेचं कोन ओरडून बोलंल?' मग दोराकडे बोट दाखवून म्हणाला, 'ह्ये बरं हाय. हितं ओरडाय लागत न्हाय.'

खरं सांगायचं तर नंतर नंतर तो कामापुरता दोर ओढत नव्हता. एखादं साधं झाड, काही धोका नाही, तरी दर मिनिटाला झटका. आहेस का? आहे. आहेस का? आहे. आणि मी कंटाळू लागलो होतो.

मे महिना होता. वळमध्येच, रस्त्याच्या खालच्या अंगाला, एका मोठ्या शिरीषाचं काम. जागेची मोजणी होऊन गेली होती आणि गोदामाचे खांब जिथं येणार तिथं लाल कपडा बांधलेल्या लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. लाकूड ओढणारे दोन गडी जेवायला गेले होते. नवसूदादानं खाच घेतली, मागचा काप सुरू केला. आणि माझ्या खिशात मोबाइल थरथरला.

मी त्या फोनची आठ दिवस वाट बघत होतो. एका गोदामात सुपरवायझर हवा होता. मला बाबांच्या हाताखालून सुटायचं होतं. भुसा, पेट्रोल, उन्हात दोर धरून उभं राहणं, सगळ्यातून सुटायचं होतं. खाली खड्ड्यात रेंज जेमतेम होती, बोलणं ऐकू आलं नसतं. वर रस्त्यावर जायला हवं होतं आणि दोर तिथपर्यंत पुरत नव्हता.

दोन झटके दिले असते तर तो थांबला असता. पण मग तो वळला असता, मशीन बंद करून विचारलं असतं, आणि तोवर फोन कट झाला असता. दोर नुसता टाकला असता तर सैल पडून त्याला लगेच कळलं असतं. म्हणून मी तो जवळच्या खुंटीला बांधला. ताणून बांधला. कोणीतरी धरलाय असं वाटावं म्हणून. माझ्या हातून झालं त्याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. निष्काळजी माणूस दोर टाकून जातो. मी विचार करून, गाठ मारून गेलो.

फोनवर ते लोक पगार, ड्युटी, शिफ्ट सगळं सांगत होते. मी हो हो म्हणत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. मधेच ध्यानात आलं की खालून मशीनचा आवाज येत नाही.

मी रस्त्याच्या कडेला येऊन बघितलं. नवसूदादा खुंटीपाशी उभा होता. मशीन त्यानं बुंध्याशी खाली ठेवलं होतं. एक हात खुंटीवरच्या गाठीवर होता. त्यानं किती वेळा ओढलं असेल? एकदा तरी नक्की, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा, मग कदाचित जोरात. त्यानं मान वर करून मला बघितलं. मोबाइल माझ्या कानाशी होता.

मी धावत खाली आलो. काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही. त्यानं माझ्या ओठांकडे बघितलंच नाही. गाठ सोडायला मी वाकलो तर म्हणाला, 'खुट्याला ढोर बांधतात, शेठ.'

'धाकले' म्हणाला नाही.

झाड अर्धं कापलेलं होतं. तसं सोडता येत नाही. वाऱ्याची एक झुळूक आली तर कुठंही जाईल, आणि खालून पाण्याला बायका जायच्या. त्यानं कमरेची गाठ सोडली, दोर माझ्या पायाशी टाकला आणि परत बुंध्याकडे गेला. मी दोर उचलून त्याच्यामागे गेलो. त्यानं हातानं मला लांब जायला सांगितलं, परक्या माणसाला सांगतात तसं. मशीन सुरू झालं. मी दोर हातात धरून उभा राहिलो. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. शेंडा हलला तेव्हा मी ओरडलो, घसा फाटेस्तोवर ओरडलो, ऐकू जाणार नाही हे माहीत असून. तो एकदाही मागे वळला नाही. बुंध्यावर डावा तळवा टेकून त्यानं शेवटचा काप घेतला, मशीन काढून घेतलं, आणि आधी साफ करून ठेवलेल्या वाटेनं चालत, पळत नव्हे, बाजूला झाला. झाड जिथं पाडायचं होतं तिथंच पडलं.

मग तो ओंडक्यावर बसला. एकेका दाताला कानशीचे तीन हात मारले. फिल्टर धुतला. पट्टी उलटवली. चेन ढिली केली. टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतलं, आणि आत राहिलेलं, मशीन चालू ठेवून, ते आपोआप बंद पडेपर्यंत जाळलं. टाकी अशी कोरडी कधी करतात हे त्यानंच मला शिकवलं होतं. मशीन खूप दिवस वापरायचं नसेल तेव्हा. मी बघत होतो आणि मला कळत नव्हतं, किंवा मला कळून घ्यायचं नव्हतं. जाताना त्यानं दोर गुंडाळून खांद्यावर घेतला. तेवढंच त्यानं नेलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाबांनी विचारलं, 'नवशा कुठं हाय? काय बोललास त्याला?'

इथं माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खुंटीचं सांगितलं असतं तर बाबांनी चार माणसांत माझी लाज काढली असती, आणि मग स्वतः पाड्यावर जाऊन त्याला घेऊन आले असते. त्यांना तेवढी किंमत होती त्याची.

मी म्हणालो, 'मीच काढला त्याला. बहिरा झालाय तो. पार ठार बहिरा. कोणाच्या तरी अंगावर झाड पाडेल.'

बाबा म्हणाले, 'बरं केलंस. जबाबदारीचं काम हाय.' माझी पाठ थोपटली. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते आणखी दोघा ठेकेदारांना सांगितलं, चांगल्या हेतूनं, म्हणजे त्यांचीही फसगत होऊ नये. महिन्याभरात वळपासून वज्रेश्वरीपर्यंत नवसूला मशीन देणारा एकही माणूस उरला नाही.

मला नोकरी लागली. बाबांनी दुसरा माणूस ठेवला नाही. पोकलेन आला होता, तो झाडं मुळासकट उपटायचा. मशीन माळ्यावर गेलं, त्या काळ्या डब्यांशेजारी.

दोन-तीन वर्षांनी मी बायकोला घेऊन वज्रेश्वरीला गेलो होतो. दर्शन झालं, ती खाली गरम पाण्याच्या कुंडांकडे गेली. बसथांब्याजवळच्या दुकानांच्या रांगेच्या टोकाला एक म्हातारा रस्त्याकडे पाठ करून बसला होता आणि कोयत्याला धार लावत होता. पुढे जाताना दाबून, मागे येताना उचलून. मी ओळखलं. त्याच्या पाठीशी, दोन हातांच्या अंतरावर उभा राहिलो.

'नवसूदादा,' मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, शेजारच्या दुकानातल्या बाईनं मान वर करून बघितलं. तो कानस चालवत राहिला. तीन पावलं टाकून मी त्याच्या समोर गेलो असतो तर झालं असतं. मी बायकोला हाका मारायला कुंडांकडे गेलो, आणि आम्ही परतीची बस धरली.

तो गेल्याचं मला वर्षभर उशिरा कळलं. तेव्हा मात्र मी गेलो. पार्वतीचं घर वज्रेश्वरीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. ती अंगणात भाजीच्या वाफ्यात काम करत होती. मी नाव सांगितल्यावर पदर नीट करून तिनं बाज पुढे ओढली.

'तुमी धाकले शेठ! बाबा लई नाव काढायचा तुमचं.'

मी चपला काढून बाजेपाशी उभा राहिलो.

'शेवटी त्याला डोळ्यानंबी कमी दिसायचा. ह्या बाजेवर असायचा दिसभर. मी हितं वाफ्यात असली तरी भ्यायचा, एकटा सोडून गेली म्हणून. मंग त्यानंच दोर काढला. एक टोक बाजेवर त्याच्या हातात, एक माझ्या कमरेला. सारखा ओढायचा. मी ओढला की गप.' ती हसली. 'मी कावली की म्हनायचा, धाकले शेठ कदी कावला न्हाय. तीन वरीस धरला त्यानं दोर. त्याच्यासारका कोनी धरला न्हाय.'

'काम का सोडलं, ते सांगितलं का कधी?' मी विचारलं.

'वय झाला म्हनायचा. आता बस झाला, म्हनायचा. अजून काय?'

खुंटीचं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या लेकीलाही नाही. ज्या हातांनी मशीनवर शपथ घेतली ते माझे होते, आणि ती पाळली होती त्यानं.

दोर बाजेच्या पायाला गुंडाळून ठेवलेला होता. उन्हानं निळा रंग उडून पांढरट झाला होता. पार्वतीनं तो सोडला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. 'दावते ना कसा करायचा तो,' म्हणत दुसरं टोक घेऊन ती वाफ्यापर्यंत गेली. तिथून वळून एक झटका दिला.

उत्तर मला माहीत होतं. एकच झटका. मी दोर धरून खुंटीसारखा उभा होतो.

'ओढा ना, शेठ,' ती तिकडून म्हणाली, आणि पुन्हा ओढलं.